अंगाला मानवणारी सायकल

(महिला मंडळं आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



काल कायद्यावर दोन सत्रं झाली, आज सकाळी रेशनवर चर्चा झाली आणि जेवणाआधीच्या सत्रापुढे पत्रिकेत नुसतंच लिहिलंय, 'सायकल'. ते वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. एकीने विचारलंही, "ताई, मुलींना सायकली वाटायच्या का?" वाटपाबद्दल मी बोलणार आहेच. पण आधी बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. सायकल मिळाली, शिकून झाली, घरच्यांनी होही म्हटलं, तरी सहा महिन्यांनी ती भिंतीला टेकून का उभी राहते?

कारणं आपल्याला पाठ आहेत. रस्ता धड नाही. नाक्यावरची पोरं टवाळी करतात. नवरा म्हणतो, "लोक काय म्हणतील?" ह्या सगळ्यावर आपण बोलतो, मोर्चेही काढतो. एका कारणावर मात्र आपण आपसातही बोलत नाही. सायकल चालवताना दुखतं. मनगटं दुखतात, मान धरते, गुडघे भरून येतात आणि सीटवर जिथे बसतो तिथे, पुढच्या नाजूक जागी, रगडल्यासारखं होतं. पाळीच्या दिवसांत तर विचारू नका. हे कुणाला सांगायचं? सायकलवाल्याला? नवऱ्याला? मग बाई काहीच सांगत नाही. ती म्हणते, "नको, मी आपली चालत जाईन." आणि सगळे म्हणतात, "बघा, बायकांना जमत नाही."

मी मिरजेची. वडिलांच्या काळ्या सायकलवर नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकले आणि आता साठीतही रोज सायकलवरच फिरते. माझा अनुभव असा, की ही दुखणी बहुतेक वेळा बाईची नसतात, सायकलची असतात. सायकल तिच्या अंगाला मानवणारी नसते. आणि सोसायची सवय आपल्या इतकी अंगवळणी पडलेली, की सीट बदलायचं सोडून आपण सायकलच सोडतो.

बसतो कसं, ह्यावर सगळं

जरा शरीराचा विचार करू. ताठ बसलं की आपलं वजन पार्श्वभागातल्या दोन हाडांवर येतं. निसर्गाने ती बसण्यासाठीच दिलीत. पुढे वाकलं की वजन त्या हाडांवरून सरकून पुढच्या मऊ भागावर आणि हातांच्या तळव्यांवर येतं. शर्यतीच्या सायकलचं हँडल खाली असतं आणि सीट अरुंद असतं, कारण ती वारा कापत जोरात पळवायची असते. तिथे ते बरोबरच आहे. पण हल्ली बाजारात पोरांसाठी ज्या सरळ हँडलच्या, जाड नळीच्या सायकली येतात, त्याही थोडंफार पुढे वाकायलाच लावतात. मुलगा कॉलेजात गेला की तीच सायकल आईच्या वाट्याला येते. बायकांची कंबर साधारणपणे रुंद असते, त्या दोन हाडांमधलं अंतरही पुष्कळदा जास्त असतं. अरुंद सीटवर ती हाडं टेकतच नाहीत, सगळा भार मधे येतो. मग दुखणार नाही तर काय?

ह्याच्या उलट टोकाला एक सायकल आहे, तिला क्रूझर म्हणतात. मी ती पहिल्यांदा चालवली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी, भाचीकडे गेले होते तेव्हा. हे विद्यापीठाचं गाव, जमीन सपाट. अमेरिकेत रस्त्यावर सायकलींसाठी वेगळे पट्टे आखणारं पहिलं गाव हेच, १९६७ साली. भाचीकडची क्रूझर बघून मला आधी हसूच आलं. जाडजूड टायर, म्हशीच्या शिंगांसारखं मागे वळलेलं लांब हँडल, खाली स्प्रिंगा असलेलं हे एवढं सीट. पण बसल्यावर कळलं. पाठ सरळ, खांदे सैल, कोपरं किंचित वाकलेली, नजर समोर. खुर्चीत बसून गाव बघत निघाल्यासारखं वाटलं.

ह्या सायकलची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९३३ साली, मंदीच्या ऐन काळात, शिकागोच्या श्विन कारखान्याने दोन इंचांहून रुंद टायरची सायकल काढली. टायर रुंद असला की हवा कमी दाबाची चालते, आणि कमी दाबाचा टायर खड्डा स्वतः पोटात घेतो, तुमच्या कण्यापर्यंत पोहोचू देत नाही. आपल्या काळ्या सायकलचा टायर दीड इंचाचा, हवा कडक भरलेली. त्यामुळे खडीवरून जाताना दात वाजतात. श्विनची ती सायकल वजनदार होती, पण दणकट होती. पुढे गिअरच्या हलक्या सायकली आल्या आणि ती मागे पडली. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ह्याच जुन्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळायला घेतल्या आणि त्यातून आजची माउंटन बाइक जन्मली. म्हणजे आपल्या पोरांच्या त्या ऐटबाज सायकलींची आजी ही क्रूझर आहे!

एक सुधारणा मला फार महत्त्वाची वाटते. मोठ्या वयात शिकणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त भीती पडण्याची असते. पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती सीट खाली करून घेते. पण सीट खाली असलं की गुडघे जास्त मुडपतात आणि दोन महिन्यांत दुखायला लागतात. वर केलं तर भीती, खाली केलं तर गुडघे. काही नव्या क्रूझरमध्ये पायडलं थोडी पुढे सरकवलेली असतात. त्यामुळे पाय पुरेसा लांबही होतो आणि थांबल्यावर सीटवरून न उठता पूर्ण पाऊल जमिनीला टेकतं. इतकी साधी गोष्ट! पण ती सुचायला, चालवणाऱ्याला भीती वाटते हे आधी मान्य करावं लागतं.

क्रूझरचे तोटेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई जाहिरात करायला आल्या. ती जड असते. ताठ बसल्यामुळे समोरचा वारा छातीवर घ्यावा लागतो. पुष्कळ क्रूझरना गिअर नसतो, त्यामुळे कोकणातल्या किंवा घाटातल्या बाईला तिचा उपयोग नाही. तिने निदान तीन गिअरची सायकल घ्यावी. काही क्रूझरचा ब्रेक पायडल उलटं मारून लागतो. तो पावसात बिघडत नाही हे खरं, पण तो फक्त मागच्या चाकाला असतो आणि चेन पडली तर ब्रेकही गेला. आपल्या रस्त्यांवर पुढच्या चाकाला हाताचा ब्रेक हवाच. आणि बाहेरून आलेली क्रूझर आपल्याला परवडणारीही नाही.

वेगाचं म्हणाल तर हिशेब करू. घरापासून बाजार चार किलोमीटर. हलकी सायकल ताशी सोळाने गेली तर पंधरा मिनिटं लागतील. जड सायकल ताशी बाराने गेली तर वीस. पाच मिनिटांचा फरक. चालत गेलं तर पाऊण तासाच्या वर. आपल्या रोजच्या कामाची अंतरं अशीच असतात, शाळा, दवाखाना, बाजार, बँक, मीटिंग. ह्या अंतराला पाच मिनिटं वाचवण्यापेक्षा न दुखता पोहोचणं आणि उद्या पुन्हा निघावंसं वाटणं मोलाचं.

बायकांनी मागितलं तिथे मिळालं

बाईच्या सीटवर जगात पूर्वी चर्चा झाली नाही असं नाही. १८९० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत बायका सायकलवर बसू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी सीटवर लेखच्या लेख लिहिले. तिला दुखतं का, ह्यापेक्षा तिचं चारित्र्य बिघडेल आणि मूल होणार नाही, ही चिंता त्यांना मोठी होती. मधे खळगा असलेली सीटं तेव्हाच निघाली. त्याच काळात अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सेस विलर्ड वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. रोज थोडा वेळ, असे तीन महिने. १८९५ साली त्यांनी त्यावर एक छोटं पुस्तकही लिहिलं. आपल्या गावात बाटली आडवी करणाऱ्या ज्या बायका इथे बसल्या आहेत, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. "आता ह्या वयात?" असं कुणी म्हटलं तर सांगायला बरं.

पुढची गोष्ट नेदरलँड्सची. तिथे 'आजीची सायकल' ह्या नावाचीच एक सायकल आहे. नळी खाली झुकलेली, हँडल उंच, चेन पूर्ण झाकलेली, मागच्या चाकाला कपडा अडकू नये म्हणून आवरण. तिथे लोकांच्या एकूण फेऱ्यांपैकी चौथाईहून जास्त सायकलवर होतात आणि सायकल चालवण्यात बायका पुरुषांच्या मागे नाहीत. हे आपोआप झालेलं नाही. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यावरच्या अपघातांत चारशेहून अधिक मुलं मेली. त्यानंतर 'मुलांची हत्या थांबवा' असं थेट नाव घेऊन आंदोलन उभं राहिलं, आया आणि मुलं रस्त्यावर उतरली. आरामाची सायकल आणि सुरक्षित रस्ता दोन्ही असले तर बायका सायकल चालवतात, हे तिथे दिसतं. नुसती सायकल पुरत नाही.

जपानमध्ये बायकांच्या घरगुती सायकलला 'मामाचारी' म्हणतात, म्हणजे आईची सायकल. पुढे टोपली, मागे मुलाची बैठक. २००८ साली तिथल्या पोलिसांनी, आई आणि दोन मुलं असे तिघं एका सायकलवर बसण्याच्या बंदीची कडक अंमलबजावणी करायचं ठरवलं. आयांनी विचारलं, मग दोन मुलांना पाळणाघरात न्यायचं कसं? शेवटी २००९ साली नियम बदलला. ठरावीक मजबुतीची, तोल राखणारी सायकल असेल तर दोन लहान मुलं नेता येतील, असं ठरलं. बाईला थांबवायचं सोडून सायकल सुधारली. आपल्याकडे नेहमी उलटं होतं, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम सांगते.

आता आपल्या देशात येऊ. तामिळनाडूतला पुदुकोट्टई जिल्हा. १९९१ साली तिथे साक्षरता मोहीम सुरू झाली आणि तिच्यातच बायकांना सायकल शिकवायचं ठरलं. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत ह्यांनी ते मनावर घेतलं, बायकांना सायकलसाठी बँकेचं कर्ज मिळावं असा आग्रह धरला. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीताई, सगळ्या शिकल्या. सत्तर हजारांहून जास्त बायकांनी जाहीर कार्यक्रमांत सायकल चालवून दाखवली, असं पी. साईनाथ ह्यांनी लिहून ठेवलंय. त्यात एक गंमत आहे. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला म्हणून बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्या जास्त आवडल्या, कारण नळीवर मूल बसवता येतं! म्हणून मी म्हणते, बाईची सायकल कशी असावी हे कुणी कार्यालयात बसून ठरवू नये. तुम्ही आणि मीसुद्धा ठरवू नये. जिला चालवायची आहे तिला विचारावं.

बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकल देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश ह्या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि ह्याबाबतीत मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला. म्हणजे सायकल काय करू शकते, ह्याचा आणखी पुरावा नको. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आहेत.

पण सायकल घरात आली म्हणजे बाईच्या हातात आली, असं नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. त्यातल्या किती सायकली बाई चालवते? तुमच्या गल्लीतली दहा घरं डोळ्यांसमोर आणा, उत्तर मिळेल. मुलीला मिळालेली सायकल बाप कामावर नेतो, किंवा पंक्चर झाली की महिनाभर तशीच पडते, हे मी आमच्या भागात पाहिलंय. शिवाय सगळ्या मुलींना एकाच मापाची. चार फूट आठ इंचांच्या मुलीला आणि पाच फूट चार इंचांच्या मुलीला एक मापाचा फ्रॉक शिवला तर आपण शिंप्याला बोल लावू. सायकलच्या बाबतीत मात्र गप्प बसतो.

आपल्या हातात काय आहे

अमेरिकेतली क्रूझर आणायची गरज नाही. आपली जुनी लेडीज सायकल तिची चुलत बहीणच आहे. झुकलेली नळी, मागे वळलेलं हँडल, चेन कव्हर, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. हे सगळं आपल्याकडे पहिल्यापासून होतं. फॅशनमध्ये ते मागे पडत चाललंय आणि आपणही 'जुनाट' म्हणून त्याला नाकं मुरडतो. मी एका दुकानात नवी सायकल बघायला गेले, तर दुकानदार पोऱ्याला म्हणाला, "मॅडमना गुलाबी दाखव." उंची विचारली नाही, रोज किती जाता विचारलं नाही, रंग ठरवून मोकळा!

तेव्हा आपणच शिकून घेऊ. सायकल घेताना किंवा असलेली दुरुस्त करताना एवढं बघा.

पहिलं, सीटची उंची. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली गेल्यावर पाय सरळ व्हावा. मग नेहमीसारखा चवडा ठेवून मारलं की गुडघा किंचित वाकलेला राहतो. तेच माप बरोबर. नवशिकीने मात्र सुरुवातीला सीट खाली ठेवावं, पायडलं काढून टाकावीत आणि पायाने ढकलत नुसता तोल शिकावा. तोल आला की पायडलं लावून सीट हळूहळू वर घ्यावं.

दुसरं, सीटची रुंदी. खोक्याचा पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर दोन मिनिटं ताठ बसा. दोन खळगे पडतील. ती तुमची हाडं. ते दोन्ही खळगे सीटच्या रुंद भागावर आले पाहिजेत. पण फार मऊ, गादीसारखं सीट घेऊ नका. त्यात हाडं रुततात आणि पुन्हा भार मधल्या भागावरच येतो. सीटचं नाक वर उचललेलं नसावं. पान्हा घेऊन ते सपाट करायला दोन मिनिटं लागतात, आणि पुष्कळ जणींचं दुखणं तेवढ्यानेच जातं.

तिसरं, हँडल. ते वर आणि मागे घ्या. घरात पोराची सरळ हँडलची सायकल असेल तर मागे वळलेलं हँडल आणि रुंद सीट बसवून घ्या. अशा सव्वीस इंची सायकलचे टायर मुळात रुंदच असतात. खाचांच्या टायरऐवजी गुळगुळीत टायर घातला तर ती डांबरी रस्त्यावर हलकी चालते. नळी आडवी राहते, तेवढी अडचण आहेच. साडी नेसणारीने शक्यतो झुकलेल्या नळीचीच सायकल घ्यावी.

चौथं, ओझं. डोक्यावर किंवा खांद्यावर ओझं घेऊन सायकल चालवू नका. जड ते मागच्या कॅरिअरवर, हलकं ते पुढच्या टोपलीत. टोपलीत जड भरलं की हँडल वळताना खेचतं. ओझं नेणाऱ्या सायकलला दोन पायांचं मजबूत स्टँड लावून घ्या.

हे झालं घरचं. संघटना म्हणून तीन मागण्या मला सुचतात. योजनेतली सायकल मुलीच्या उंचीप्रमाणे मिळावी, निवडायला निदान दोन मापं असावीत. सायकलबरोबर पंप, पान्हा आणि पंक्चरचं सामान मिळावं, आणि शाळेत मुलींना दुरुस्ती शिकवावी. आणि रस्ता रुंद करण्याची चर्चा ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत होईल तेव्हा सायकलच्या पट्ट्याचं काय, हे आपण विचारावं. ट्रॅक्टर आणि उसाच्या गाड्यांच्या मधून पोरींना पाठवताना आपल्या जिवाला घोर लागतो. तो घोर मागणी म्हणून कागदावर आला पाहिजे. बचत गटांना एक सांगणं. शिलाई मशीनला कर्ज देता, तसं सायकलला द्या. सायकल तिच्या नावावर घ्या आणि पावती तिच्याजवळ ठेवा.

शेवटी एवढंच सांगते. आपल्या संघटनेतसुद्धा बाईच्या आरामाबद्दल बोलायला आपण लाजतो. कष्टांबद्दल बोलतो, अन्यायाबद्दल बोलतो. आराम म्हटला की ती सुखवस्तू बायकांची गोष्ट वाटते. पण जिला दिवसाचे चौदा तास राबायचं आहे, तिच्याच सायकलचं सीट धड असायला हवं ना?

दुपारी तीन वाजता मागच्या मैदानावर सहा सायकली आणून ठेवल्या आहेत. एक जुनी लेडीज, दोन जेंट्स, तीन पोरांच्या सरळ हँडलच्या. पान्हे आहेत, वेगवेगळी सीटं आहेत, पुठ्ठाही आहे. ज्यांना येत नाही त्यांनी आधी यावं, त्यांची पाळी पहिली. आणि कुठे दुखतं ते मोठ्याने सांगायचं, हळू आवाजात नाही.